व्हर्च्युअल टीम आणि क्लाउडवरची माहिती : भिवंडीच्या गोदामातून दिसणारा प्रश्न

ऑनलाइन मागवलेली वस्तू घरी येते तेव्हा खोक्यावर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर आपले नाव, पत्ता, पिनकोड, एक बारकोड आणि पुष्कळदा मोबाइल नंबरही असतो. मुंबई-ठाणे परिसरात येणारी अशी बरीच खोकी भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या गोदामातून निघालेली असतात. खोके तिथे बांधले जाते, पण ऑर्डरची नोंद गोदामात नसते. ती कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असते. ती नोंद उघडून पाहणारी माणसे वेगवेगळ्या शहरांत बसलेली असतात : विक्रेता सुरतेला, ग्राहकसेवेतली मुलगी इंदूरला, हिशेब पाहणारा कल्याणला, ट्रकचा चालक मुंबई-नाशिक महामार्गावर. एकाच कामासाठी एकत्र आलेल्या, पण एकमेकांना बहुधा कधीच न भेटणाऱ्या अशा माणसांच्या गटाला ‘व्हर्च्युअल टीम’ म्हणतात.

हा शब्द ऐकला की घरून काम करणारे सॉफ्टवेअर इंजिनिअर डोळ्यांसमोर येतात. पण या विषयावरचे संशोधन लॅपटॉपवाल्यांना जितके लागू पडते तितकेच गोदामाच्या सुपरवायझरलाही पडते. अशा टीमची सगळी सामाईक माहिती क्लाउडवर असते, तेव्हा ती पाहण्याचा हक्क कुणाला आणि ती फुटली तर जबाबदार कोण, हे प्रश्न लगेच उभे राहतात. ‘माहिती प्रणाली’ या विद्याशाखेत हे दोन्ही विषय गेली तीस-पस्तीस वर्षे अभ्यासले जात आहेत. त्यातले नेमके काय हाती आले, ते भिवंडीच्या संदर्भात पाहू.

भिवंडीच का?

भिवंडीची जुनी ओळख यंत्रमागाची. सूत कुणाचे, सायझिंग कुठे, माग कुणाचा, विणणारा कोण आणि कच्चे कापड प्रक्रियेला कुठे जाणार, ही साखळी इथे पहिल्यापासून अनेक हातांत वाटलेली आहे. व्यापारी मुंबईच्या काळबादेवीत, माग भिवंडीत, कापड रंगवण्याचे काम आणखी तिसऱ्या राज्यात. मधला दुवा दलाल. व्यवहार शब्दावर आणि उधारीवर चालायचा.

गोदामांची ओळख नंतरची. मुंबईत माल नेला की महापालिकेची जकात भरावी लागे, म्हणून हद्दीबाहेर पण जवळ माल साठवण्याची जागा व्यापाऱ्यांना हवी होती. भिवंडीलगतच्या माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडे अशा गावांत ती मिळाली. जेएनपीटी बंदर आणि दोन महामार्ग हाताशी होतेच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली. जकात गेल्यावर भिवंडीची गरज संपेल असे वाटणे स्वाभाविक होते. झाले उलटेच. पूर्वी कर वाचवण्यासाठी कंपन्यांना राज्याराज्यांत छोटे डेपो ठेवावे लागत. ते कारण संपल्यावर त्यांनी मोठी, मध्यवर्ती गोदामे निवडायला सुरुवात केली. ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या कंपन्यांची मोठी केंद्रे या पट्ट्यात आहेत.

करपद्धतीतल्या या बदलाचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो : कागद ऑनलाइन गेला. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. चलनावर मालकाची सही घेऊन ट्रक सोडणारा मुनीम आता पोर्टलवर गाडीचा नंबर भरतो. बिल, स्टॉक, हजेरी, पगार, सगळे कुठल्या ना कुठल्या ॲपमध्ये. मालक ‘आम्ही क्लाउड वापरत नाही’ असे म्हणत असतो आणि त्याच वेळी त्याच्या फोनचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर चढत असतो.

लांबच्या माणसावर विश्वास कसा बसतो

व्हर्च्युअल टीमच्या अभ्यासाआधीचा एक पाया एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी घातला. प्रयोगशाळांतले इंजिनिअर एकमेकांशी किती वेळा बोलतात, हे त्यांनी मोजले आणि १९७७ च्या पुस्तकात मांडले. टेबलांमधले अंतर वाढले की बोलणे घटते, हे अपेक्षित होतेच. आश्चर्य होते ते घटण्याच्या वेगाचे. साधारण पन्नास मीटरच्या पुढे गेले की माणसे रोज एकाच इमारतीत येत असूनही जवळपास बोलेनाशी होतात. म्हणजे शेजारच्या गाळ्यातला माणूस आणि शेजारच्या शहरातला माणूस यांत फार फरक उरत नाही.

इंटरनेटमुळे हे अंतर मिटेल, अशी नव्वदच्या दशकात मोठी आशा होती. सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लाइडनर यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना काही आठवड्यांचे काम दिले. भेट नाही, फक्त ई-मेल. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या विषयात आजही सर्वाधिक उल्लेखला जाणाऱ्यांपैकी आहे. त्यांना दिसले ते असे : काही गटांत सदस्य एकमेकांवर पहिल्या दिवसापासूनच विश्वास टाकतात. ओळख वाढत जाऊन तो तयार झालेला नसतो, तो जणू बाहेरून उसना आणलेला असतो. ‘समोरचाही शिकलेला आहे, त्यालाही मुदत पाळायची आहे’ एवढ्यावर तो उभा राहतो. याला ‘झटपट विश्वास’ म्हणतात. तो ठिसूळ असतो. ज्या गटांनी सुरुवातीला उत्साहाने ओळख करून घेतली आणि नंतर ठरलेल्या वेळी उत्तरे देत राहिले, तिथे तो टिकला. ज्यांचे उत्तर कधी येईल याचा नेम नव्हता, तिथे तो गेला.

भिवंडीच्या कापड बाजाराला हे नवीन नाही. ज्या व्यापाऱ्याला कधी पाहिले नाही त्याला उधारीवर माल देताना मागवाला दलालाच्या शब्दावर विसंबतो. तोही उसना विश्वासच. फरक एवढाच की दलाल चुकला तर त्याची पत जाते आणि ती गेल्याचे अख्ख्या बाजाराला कळते. ॲपमधल्या अनोळखी सहकाऱ्याच्या बाबतीत असे काही पणाला लागलेले नसते.

कॅथरिन क्रॅम्टन यांचा २००१ चा अभ्यास मला व्यक्तिशः जास्त उपयोगाचा वाटतो. दूर विखुरलेल्या तेरा गटांचे ई-मेल आणि संभाषणे त्यांनी बारकाईने तपासली. टीम बिघडण्याचे मूळ त्यांना ‘सामाईक माहिती’ या साध्या गोष्टीत सापडले. मला जे माहीत आहे ते समोरच्यालाही माहीत आहे, असे आपण धरून चालतो. एक निरोप चार जणांना गेला आणि पाचव्याला गेलाच नाही. एकाचे इंटरनेट जलद, दुसऱ्याचे मंद. पत्रातला महत्त्वाचा भाग कुठला, हे लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला नाही. सगळ्यात घातक म्हणजे गप्प बसणे. उत्तर आले नाही याचा अर्थ होकार, नकार, राग, आजारपण की वीज गेली? एकत्र बसलेल्यांना हे मान वर करून बघितले की कळते. लांबचा माणूस तर्क करतो आणि तो तर्क बहुतेक वेळा समोरच्याच्या स्वभावावर जातो : ‘तो कामचुकार आहे.’ परिस्थितीकडे लक्ष जात नाही. भिवंडीत दुपारी वीज गेली म्हणून स्टॉकची फाइल अपडेट झाली नाही आणि बेंगळुरूच्या कार्यालयात गोदामाच्या माणसांविषयी मत तयार झाले, असे घडायला फार काही लागत नाही.

आता नेमकी गुंतागुंत इथे सुरू होते. सामाईक माहितीच्या अभावाने टीम बिघडते, म्हणून कंपन्यांनी सरळ उपाय काढला : सगळी माहिती एका ठिकाणी ठेवा आणि सगळ्यांना दिसू द्या. ते ठिकाण म्हणजे क्लाउड.

क्लाउड म्हणजे कुठे?

क्लाउड म्हणजे भाड्याने घेतलेला दुसऱ्याचा संगणक. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये केलेली व्याख्या जगभर वापरली जाते. तिचा गाभा असा की हवी तेव्हा, हवी तेवढी संगणकीय क्षमता नेटवर्कवरून घ्यायची, ती अनेकांमध्ये वाटलेली असते आणि वापरावर पैसे मोजायचे. वीज मीटरवर घेतो तसे. गोदामाच्या भाषेत सांगायचे तर स्वतःचा गाळा न बांधता मोठ्या गोदामात जागा घेणे. तुमचा माल आणि शेजाऱ्याचा माल एकाच छताखाली, मधे फक्त जाळी.

हा संगणक फार लांब असतोच असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात क्लाउडची केंद्रे सुरू केली, त्यांतला मध्य भारत विभाग पुण्यात आहे. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबई विभाग सुरू केला, गूगलने २०१७ मध्ये. नवी मुंबई हे देशातल्या डेटा सेंटरचे एक मोठे ठिकाण आहे. त्यामुळे भिवंडीतल्या कारखान्याची हिशेबाची फाइल चाळीस-पन्नास किलोमीटरवर असू शकते, तशीच ती आयर्लंडमध्येही असू शकते.

याने फरक पडतो का? पडतो. २०१३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने मायक्रोसॉफ्टकडे एका खात्याचे ई-मेल मागितले. ते डब्लिनच्या केंद्रात साठवलेले होते. कंपनी अमेरिकी, यंत्र आयरिश भूमीवर, मग वॉरंट कुठे चालणार? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागण्याआधीच मार्च २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने नवा कायदा केला आणि डेटा कुठेही असला तरी अमेरिकी कंपनीला तो द्यावा लागेल अशी तरतूद झाली. त्याच वर्षी ६ एप्रिलला आपल्या रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवाणघेवाणीचा डेटा भारतातच साठवण्याचा आदेश काढला आणि सहा महिन्यांची मुदत दिली. मास्टरकार्डने तो पाळला नाही म्हणून जुलै २०२१ मध्ये तिला नवे ग्राहक जोडायला बंदी झाली. ती जून २०२२ मध्ये उठली.

क्लाउड सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न मात्र चुकीच्या जागी विचारला जातो. मोठ्या पुरवठादारांचे पहारे एखाद्या छोट्या कार्यालयाच्या कपाटापेक्षा नक्कीच कडक असतात. शिवाय २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबई-ठाणे परिसरात ज्यांची दप्तरे भिजली, त्यांना दुसरी प्रत लांब कुठे तरी असण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण या पुरवठादारांच्या करारात ‘वाटून घेतलेली जबाबदारी’ नावाचे तत्त्व असते. इमारत, यंत्रे, नेटवर्क यांची राखण त्यांची. आत काय ठेवले, कुणाला दार उघडून दिले, पासवर्ड किती जणांना सांगितला, ही जबाबदारी भाडेकरूची. फाइल शेअर करताना ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ हा पर्याय निवडला आणि ती लिंक ग्रुपवर टाकली, तर डेटा सेंटरच्या दारावरचा बंदूकधारी पहारेकरी काय करणार?

खासगीपणा मोजता येतो का

माहिती प्रणालीच्या संशोधकांनी ही धूसर गोष्ट मोजण्याचा प्रयत्न केला. जेफ स्मिथ, सँड्रा मिलबर्ग आणि सँड्रा बर्क यांनी १९९६ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या नियतकालिकात एक मोजपट्टी मांडली. माहितीविषयी लोकांना वाटणारी चिंता चार प्रकारची असते, असे त्यांनी दाखवले : माहिती नको तितकी गोळा होते, ती चुकीची नोंदली जाते, एका कामासाठी दिलेली दुसऱ्याच कामाला वापरली जाते आणि ज्याने पाहू नये तो पाहतो.

चारही गोष्टी गोदामाच्या दाराशी दिसतात. कंत्राटी कामगाराला कामावर घेताना आधारची झेरॉक्स, बँक पासबुक, फोटो, बोटांचे ठसे घेतले जातात. हे सगळे लागतेच का? नावाचे स्पेलिंग आधारवर एक आणि पगाराच्या यादीत दुसरे झाले की भविष्यनिर्वाह निधीचे पैसे अडकतात, ही चुकीची नोंद. मुकादमाकडे दिलेल्या कागदांचा फोटो व्हॉट्सॲपवरून तीन जणांकडे फिरतो, तेव्हा उरलेल्या दोन्ही चिंता खऱ्या ठरतात.

तत्त्वज्ञ हेलन निसनबॉम यांनी २००४ पासून मांडलेला विचार यापुढे जातो. त्यांच्या मते माहिती ‘खासगी’ किंवा ‘जाहीर’ असे दोनच कप्पे करणे फसवे आहे. प्रत्येक माहितीला एक संदर्भ असतो आणि त्या संदर्भात ती कुठवर जावी याची एक अलिखित रीत असते. आजाराची माहिती डॉक्टरला सांगणे रीतीत बसते. तीच माहिती मालकाला कळणे बसत नाही. आपला पत्ता पोस्टमनला ठाऊक असतोच. पण त्याच पत्त्याबरोबर आपण काय विकत घेतो, कधी घरी नसतो आणि पैसे रोख देतो की कार्डाने, हे जोडले गेले की त्याचे स्वरूप बदलते. क्लाउड नेमके हेच सोपे करतो : वेगवेगळ्या संदर्भांतली माहिती एका तक्त्यात शेजारी-शेजारी आणून ठेवतो.

लोकांना याची पर्वा नसते, असा एक आरोप नेहमी होतो. विचारले तर खासगीपणा महत्त्वाचा म्हणतात आणि सवलतीच्या कूपनासाठी मोबाइल नंबर देऊन टाकतात. संशोधनात याला ‘खासगीपणाचा विरोधाभास’ असे नाव आहे. मला हा आरोप अर्धाच पटतो. नंबर दिला नाही तर काम मिळणार नसेल, तर तो देण्याला निवड म्हणता येत नाही.

तीन प्रकरणे, तिन्ही जवळची

दूरवर बसलेल्या टीमच्या हातात लोकांची माहिती गेल्यावर काय होऊ शकते, याचे आपल्याकडचे पहिले गाजलेले उदाहरण पुण्याचे. एप्रिल २००५ मध्ये एमफॅसिस कंपनीच्या पुण्यातील कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांना अटक झाली. हे केंद्र सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांना फोनवर सेवा देई. आरोप असा होता की बोलता बोलता विश्वास संपादन करून ग्राहकांकडून पिन क्रमांक मिळवले गेले आणि तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवली गेली. इथे कोणतेही यंत्र फोडलेले नव्हते. आत-बाहेर जाताना झडती होत असल्याने आकडे कागदावर नेता येत नव्हते, ते लक्षात ठेवून नेले असावेत, असे या प्रकरणाच्या वर्णनांत येते.

त्यानंतर जे झाले ते जास्त विचार करण्याजोगे आहे. अशा घटनांनी परदेशी ग्राहक बिचकू नयेत म्हणून नॅसकॉमने जानेवारी २००६ मध्ये ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ सुरू केली. त्यात आयटी-बीपीओ कर्मचाऱ्यांचे शिक्षण, नोकऱ्यांचा इतिहास आणि बोटांचे ठसे नोंदवले जातात. म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकाचा खासगीपणा राखण्यासाठी इथल्या कर्मचाऱ्याची माहिती गोळा झाली.

दुसरे प्रकरण भिवंडीच्याच जिल्ह्यातले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात, बोलणारा स्वतःला तिकडच्या प्राप्तिकर खात्याचा अधिकारी म्हणवी आणि अटकेची भीती घालून पैसे उकळी. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेऊन चौकशी झाली, सत्तरएक जणांना अटक झाली. त्याच महिन्यात अमेरिकी न्याय खात्याने अहमदाबादेतल्या अशाच केंद्रांविरुद्ध आरोपपत्र जाहीर केले. त्यात फसवणाऱ्यांनी लोकांची माहिती डेटा विकणाऱ्या दलालांकडून मिळवल्याचा उल्लेख आहे. कुणी तरी कुठे तरी दुसऱ्याच कामासाठी दिलेले नाव आणि नंबर असे फिरत आले होते.

तिसरे प्रकरण एअर इंडियाचे. मे २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली : नावे, जन्मतारखा, पासपोर्टचा तपशील. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातल्या या नोंदी होत्या. चोरी एअर इंडियाच्या संगणकातून झालीच नव्हती. प्रवासी सेवेची यंत्रणा चालवणाऱ्या सीता या आंतरराष्ट्रीय कंपनीच्या सर्व्हरमधून झाली होती. प्रवाशाने त्या कंपनीचे नावही ऐकलेले नसते. त्याने तिकीट महाराजाकडून काढलेले असते.

कायदा आता काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच सुमारास सरकारने न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे हे नाव महाराष्ट्राला आधीच परिचित होते. समितीचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला, २०१९ चे विधेयक आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. शेवटी ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम’ ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

तोवर आधार आहे तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ चा आणि २०११ च्या नियमांचा. त्या नियमांत ‘संवेदनशील’ माहितीची यादी आहे : पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे वगैरे. नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर त्या यादीत नाहीत. खोक्यावरचा कागद त्या संरक्षणाच्या बाहेरच राहिला. नव्या कायद्यात असा भेद नाही. ज्यावरून व्यक्ती ओळखता येते अशी डिजिटल स्वरूपातली कोणतीही माहिती त्यात येते. (या कायद्यात व्यक्तीसाठी सर्वत्र ‘ती’ हे सर्वनाम वापरले आहे, भारतीय कायद्यांत ते नवेच.)

भिवंडीच्या दृष्टीने त्यातल्या काही तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली जबाबदारीची. माहिती का आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तो ‘डेटा फिड्युशरी’ आणि त्याच्या वतीने ती हाताळणारा ‘डेटा प्रोसेसर’. गोदाम चालवणारी कंत्राटदार कंपनी, पगाराचे सॉफ्टवेअर, क्लाउड पुरवठादार हे साधारणपणे प्रोसेसर ठरतात. चूक त्यांच्याकडून झाली तरी कायद्यापुढे उत्तर फिड्युशरीनेच द्यायचे आहे. एअर इंडियासारख्या प्रकरणात ‘ती दुसऱ्या कंपनीची चूक’ एवढे म्हणून सुटता येणार नाही. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तींना विनाविलंब कळवायचे आणि ७२ तासांत मंडळाला सविस्तर अहवाल द्यायचा.

दुसरी संमतीची. ती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली हवी. कायद्यातच उदाहरण आहे : आरोग्यसेवेच्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि बाईने ‘हो’ म्हटले, तरी त्या सेवेला यादीची गरज नसल्याने ती संमती ग्राह्य नाही. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या भिवंडीत या कलमाला कागदापलीकडचा अर्थ आहे. विणकर पद्मशाली कुटुंबाला तेलुगूत आणि शेजारच्या मागवाल्याला उर्दूत सूचना मागता येईल.

तिसरी तरतूद कामगाराच्या बाजूने तितकी उजळ नाही. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवायही वापरता येते. या शब्दांची व्याप्ती कुठवर, हे पुढे मंडळ आणि न्यायालये ठरवतील. आणि पुण्याच्या कॉल सेंटरसारख्या व्यवसायांना, म्हणजे परदेशी कराराखाली परदेशी लोकांचा डेटा हाताळणाऱ्यांना, बऱ्याच बंधनांतून सूट आहे. सुरक्षेची काळजी घेण्याचे बंधन मात्र त्यांनाही आहे.

नजर ठेवली तर विश्वास वाढतो का

दोन विषय खऱ्या अर्थाने एकमेकांत गुंततात ते इथे. टीम लांब आहे, माहिती नाजूक आहे, मग मालकाला लक्ष ठेवावेसे वाटणारच : कोण कधी लॉगिन झाला, किती वेळ माउस हलला नाही, डिलिव्हरीवाला कुठे थांबला. क्लाउडमुळे हे सगळे आपोआप नोंदले जाते.

गॅब्रिएल पिकोली आणि ब्लेक आइव्ह्ज यांनी २००३ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. काही व्हर्च्युअल टीमना ठरावीक अहवाल देणे, नियम पाळल्याचे दाखवणे अशी वर्तनावरची बंधने घातली, काहींना मोकळे सोडले. बंधने घातलेल्या टीममध्ये आपसातला विश्वास जास्त घसरला. कारण मजेशीर आहे. छोट्यामोठ्या चुका दोन्हीकडे होत होत्या. पण जिथे सगळे नोंदले जात होते, तिथे प्रत्येक चूक ठळक दिसली आणि सहकारी एकमेकांकडे सावधपणे बघू लागले. नजर ठेवण्याने विश्वासघात वाढला नाही, तो दिसण्याचे प्रमाण वाढले.

म्हणून नोंद कशाची ठेवायची हे ठरवणे महत्त्वाचे. ग्राहकांची फाइल कुणी उघडली, याची नोंद हवीच. नवे नियमही अशा नोंदी वर्षभर ठेवायला सांगतात. कामगार चहाला किती मिनिटे गेला, याची नोंद त्या फाइलचे रक्षण करत नाही.

छोट्या उद्योगांत मात्र प्रश्न बहुधा उलट्या टोकाचा असतो. तिथे नोंदच नसते. एकच लॉगिन मालक, मुनीम, मुलगा आणि कल्याणचा हिशेबनीस असे चौघे वापरतात. ओटीपी फोनवर सांगितला जातो, कारण दर वेळी मालकाला गाठणे शक्य नसते. अशा वेळी फाइल कुणी बदलली हे देवालाही सांगता येणार नाही. प्रत्येकाला वेगळे लॉगिन आणि त्याला लागेल तेवढेच दिसण्याची सोय बहुतेक हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच असते. फक्त ती कुणी चालू करत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप हे भिवंडीतल्या बहुतेक व्हर्च्युअल टीमचे खरे कार्यालय आहे. त्यातले निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, एप्रिल २०१६ पासून ते टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतात. पण निरोप पोचल्यावर तो फोनमध्ये उघडाच असतो. आधारचा फोटो प्रत्येक सदस्याच्या गॅलरीत जाऊन बसतो, तिथून क्लाउडच्या बॅकअपमध्ये. बॅकअपलाही कुलूप लावण्याची सोय २०२१ मध्ये आली, पण ती स्वतः सुरू करावी लागते. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, बायकामुलींना याचा त्रास जास्त होतो. आणि काम सोडून गेलेला माणूस ग्रुपमधून काढला, तरी त्याच्या फोनमध्ये जुने सगळे तसेच राहते : पत्त्यांची यादी, चलनांचे फोटो, बोटांच्या ठशांचा फॉर्म. नव्या कायद्यानुसार काम संपल्यावर माहिती पुसून टाकायची आहे. मालकाच्या सर्व्हरवरून ती पुसता येईल. त्या माणसाच्या फोनमधून ती कशी पुसायची, याची सोय काम सोडताना हिशेब करण्याच्या दिवशीच ठरवून घ्यावी लागते.